अंडाशयाच्या कर्करोगात केमोला दाद न देणाऱ्या पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन बाजूंनी येतात: पेशींवर प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्याकडून. डिशमधला (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतला) रोध, म्हणजे औषधाला न जुमानणं, आणि रुग्णातला रोध यांची गल्लत दोन्हीकडे होते, म्हणून उत्तरं एकाच पानावर ठेवली आहेत. उपचाराचा निर्णय अर्थातच रुग्णाला तपासणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांचा. वेगळं सांगितलं नसेल तिथे सर्वाधिक आढळणारा हाय-ग्रेड सिरस हा झपाट्याने वाढणारा प्रकार समजावा.

१. ‘केमो लागू पडत नाही’ हे कशावरून ठरवतात?

कार्बोप्लॅटिन किंवा सिस्प्लॅटिन या प्लॅटिनम असलेल्या औषधांचा शेवटचा डोस आणि आजार पुन्हा वाढू लागणं, या दोन्हींत किती काळ गेला त्यावरून. सहा महिन्यांच्या आत आजार परतला तर त्याला प्लॅटिनम-रोधी म्हणतात, त्यानंतर परतला तर प्लॅटिनम-संवेदी. उपचार चालू असतानाच किंवा शेवटच्या डोसनंतर चार आठवड्यांत गाठ वाढली, तर आजार मुळातच न जुमानणारा धरतात. सहा महिन्यांची रेषा सोयीसाठी आखलेली आहे. पाचव्या आणि सातव्या महिन्यात परतलेल्या आजारांच्या पेशींमध्ये जैविक फरक असेलच असं नाही (प्रश्न १४ पाहा).

प्रयोगशाळेत ‘रोध’ म्हणजे निम्म्या पेशी थोपवायला लागणारी मात्रा, म्हणजेच आयसी५०, मूळ पेशींपेक्षा वाढणं. ही दोन मापं एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

२. पहिल्या केमोने गाठ जवळपास गेली होती. मग आजार परत कसा आला?

पहिल्या उपचाराला बहुतेक गाठी चांगल्या आकसतात, तरीही पुढच्या टप्प्यात निदान झालेल्या बहुसंख्य रुग्णांमध्ये आजार परततो. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. काहींमध्ये रोधाची क्षमता केमोच्या आधीपासूनच असते. औषधाने बाकीच्या मेल्या की त्यांना मोकळं रान मिळतं. काही पेशी विभाजन थांबवून नुसता तग धरतात. त्यांच्या जनुकांत कायमचा बदल झालेला नसतो आणि औषध बंद झाल्यावर त्या पुन्हा वाढू लागतात. पोटातल्या पाण्यात पेशींचे छोटे गोळे तरंगतात, त्यांच्या आतल्या थरापर्यंत औषध पुरेसं पोचत नाही. स्कॅन आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी या दोन्हींना इतक्या थोड्या पेशी दिसत नाहीत, म्हणून ‘सगळं साफ’ असा अहवाल आला तरी आजार मुळापासून गेला असा त्याचा अर्थ होत नाही.

३. प्लॅटिनमचं औषध पेशीला मारतं कसं, आणि पेशी ते कुठे अडवते?

पेशीविभाजन थांबवणारा प्लॅटिनमचा परिणाम बार्नेट रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये जिवाणूंवर पाहिला आणि १९७८ मध्ये सिस्प्लॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. पेशीबाहेर क्लोराइड भरपूर असतं, आत बरंच कमी. आत शिरल्यावर सिस्प्लॅटिनचे क्लोराइड गळतात, त्यांच्या जागी पाणी येतं आणि रेणू सक्रिय होऊन डीएनएमधल्या शेजारशेजारच्या ग्वानिनना (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) जखडतो. हा अडथळा दुरुस्त झाला नाही तर पेशी स्वतःला संपवते.

या वाटेच्या प्रत्येक टप्प्यावर पेशी काही ना काही करू शकते. औषध आत आणणाऱ्या सीटीआर१सारख्या वाहकांचं प्रमाण घटतं. एटीपी७ए आणि एटीपी७बी ही तांबं हाताळणारी प्रथिनं प्लॅटिनम बाजूला काढतात. ग्लुटाथायोन हा पेशीतला गंधकयुक्त रेणू त्याला वाटेतच बांधून निकामी करतं. ईआरसीसी१ ज्यात काम करतं ती यंत्रणा जखडलेला तुकडा कापून काढते, आणि होमोलॉगस रिकॉम्बिनेशन ही दुरुस्तीची पद्धत तुटलेला डीएनए बिनचूक सांधतं. शेवटच्या टप्प्यावर बीसीएल-एक्सएलसारखी प्रथिनं मरणाचा आदेशच रोखतात. एका गाठीत यातल्या दोन-तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. ‘रोधावर औषध कोणतं?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही ते यामुळे: आधी या पेशीत कोणती वाट चालू आहे ते शोधावं लागतं.

४. पॅक्लिटॅक्सेलचा रोध यापेक्षा वेगळा असतो का?

हो, बराच. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध मायक्रोट्युब्यूल, म्हणजे पेशीविभाजनाला लागणारे ट्युब्यूलिन प्रथिनाचे धागे, गोठवतं. एबीसीबी१ जनुकाचा पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप ते पेशीबाहेर फेकतो. ट्युब्यूलिनचा बीटा-३ प्रकार वाढल्यानेही परिणाम घटतो. सिस्प्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन या पंपाचे ग्राहक नाहीत, म्हणजे तो त्यांना बाहेर फेकत नाही. सिस्प्लॅटिन-रोधी पेशींवर पंप बंद करणारं औषध टाकून ‘रोध मोडला’ असं दिसलं, तर आधी ते औषध एकटंच पेशींना मारतं आहे का ते तपासा. नवख्यांच्या प्रबंधात ही चूक फार दिसते.

५. मग पंप बंद केला की पॅक्लिटॅक्सेल पुन्हा चालू लागेल ना?

डिशमध्ये चालतं. पंप अडवणारं व्हेरापामिल १० मायक्रोमोलर किंवा टॅरिक्विडार १ मायक्रोमोलरपेक्षाही कमी दिलं की पंप वाढलेल्या पेशी पुन्हा संवेदी होतात. रुग्णांमध्ये मात्र हा मार्ग फसला. तोच पंप यकृतात, आतड्यात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत शरीराच्या संरक्षणाचं काम करतो. तो बंद पडला की पॅक्लिटॅक्सेल शरीरातून हळू बाहेर पडतं, विषारीपणा वाढतो आणि डोस कमी करावा लागतो. व्हॅल्स्पोडार या पंप अडवणाऱ्या औषधाच्या मोठ्या चाचणीत पॅक्लिटॅक्सेल दर चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅमवरून ८० वर आणावं लागलं आणि हाती फायदा काहीच आला नाही. शिवाय त्या रुग्णांच्या गाठींत पंप खरोखर वाढलेला आहे की नाही हे न पाहताच सगळ्यांना औषध दिलं होतं. आमच्या मते या कल्पनेचा सगळ्यात मोठा कमकुवतपणा हाच होता.

६. डोस कमी पडला म्हणून रोध आला असेल का?

ही शंका घरच्यांना फार छळते. कार्बोप्लॅटिनचा डोस वजनावर ठरत नाही, मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगावर (जीएफआर) ठरतो: डोस मिलिग्रॅममध्ये = लक्ष्य एयूसी × (जीएफआर + २५). एयूसी म्हणजे शरीराला एकूण किती औषध मिळावं याचं माप. एयूसी ५ आणि जीएफआर मिनिटाला ७५ मिलिलिटर असेल तर ५०० मिलिग्रॅम. अशक्त रुग्णात क्रिएटिनिन फार कमी असलं की जीएफआर फुगून येतो, म्हणून हिशेबात तो १२५ च्या वर धरत नाहीत. १९९० च्या दशकातल्या चाचण्यांत कार्बोप्लॅटिनचा डोस दुप्पट करून पाहिला. आयुष्य वाढलं नाही, रक्तपेशी मात्र जास्त घसरल्या. दुष्परिणामांमुळे एखादा डोस थोडा कमी केला किंवा आठवडाभर पुढे ढकलला, यामुळे आजार परतला असं मनाला लावून घेऊ नका.

७. बीआरसीए दोष असेल तर केमो चांगली लागू पडते म्हणतात. तिथेही रोध येतो?

येतो, आणि त्याची रीत थक्क करणारी आहे. बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ हे डीएनए-दुरुस्तीचं जनुक बिघडलेलं असल्यामुळे पेशीला तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही. प्लॅटिनम आणि पार्प इनहिबिटर (पार्प हे दुरुस्तीचं दुसरं प्रथिन अडवणारी औषधं) नेमका त्याचाच फायदा घेतात. पण औषधाच्या दबावाखाली एखाद्या पेशीत त्याच जनुकात दुसरा बदल होतो आणि जनुकाचं वाचन पुन्हा जुळतं. समजा मूळ दोषात एक अक्षर गळलं होतं. जवळच आणखी दोन गळली की तीन-तीनची चौकट पुन्हा बसते आणि थोडं आखूड, पण काम करणारं प्रथिन तयार होतं. याला रिव्हर्जन म्हणतात. बीआरसीए२ मधली अशी उदाहरणं २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. गाठीतून सुटून रक्तात तरंगणाऱ्या डीएनएमध्ये ती कधी कधी सापडतात.

बीआरसीए१ जनुक मेथिलेशनमुळे, म्हणजे त्यावर बसलेल्या रासायनिक खुणांमुळे, नुसतं बंद असेल, तर ते मेथिलेशन उतरल्यानेही रोध येतो, आणि त्यासाठी जनुकाची एक प्रत मोकळी झाली तरी पुरतं. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेच्या जुन्या नमुन्यावरचा मेथिलेशनचा अहवाल परतलेल्या आजाराला तसाच लावू नये.

८. पार्प इनहिबिटर चालू असताना आजार परतला, तर प्लॅटिनम पुन्हा चालेल का?

चालू शकतं, पण अपेक्षा कमी ठेवावी. दोन्हींचा कमकुवत दुवा एकच असल्यामुळे रोधही बऱ्याचदा दोन्हींना मिळून येतो. ओलापॅरिब हे पार्प इनहिबिटर चालू असताना आजार वाढलेल्या रुग्णांत नंतरचं प्लॅटिनम कमी काळ टिकलं, असं सोलो-२ चाचणीच्या नंतरच्या विश्लेषणात दिसलं. आणखी एक वाट आहे: ओलापॅरिब हे पी-ग्लायकोप्रोटीनचं ग्राहक आहे, म्हणून पॅक्लिटॅक्सेलने जागा झालेला पंप त्यालाही बाहेर काढू शकतो.

९. रोधावर काम करायचं आहे. कोणती सेल लाइन घ्यावी?

सेल लाइन म्हणजे डिशमध्ये पुन्हा पुन्हा वाढवता येणाऱ्या पेशींचा वंश. ए२७८० आणि तिची सिस्प्लॅटिन-रोधी जोडी सगळीकडे मिळते, एसकेओव्ही३ सुद्धा. पण हाय-ग्रेड सिरस आजारात पी५३ हे गाठ रोखणारं जनुक जवळपास प्रत्येक गाठीत बिघडलेलं असतं आणि ए२७८० मध्ये ते धडधाकट आहे. एसकेओव्ही३ मध्ये पी५३ नाही, पण एचईआर२ हे पेशींची वाढ चालवणारं जनुक वाढलेलं आहे आणि एकूण जनुकीय चित्र वेगळं आहे. २०१३ मध्ये सेल लाइन आणि खऱ्या गाठी यांची जनुकीय तुलना झाली, तेव्हा कुरामोची, ओव्हीसाहो, सीएओव्ही३ आणि ओव्हीसीएआर४ या आजाराच्या अधिक जवळच्या ठरल्या. त्यांतल्या काही हळू वाढतात, वैताग आणतात, पण निष्कर्ष टिकतो. किमान दोन लाइन घ्या, त्यातली एक या यादीतली. काम सुरू करण्याआधी एसटीआर प्रोफाइल (लाइनची डीएनएवरून ओळख) आणि मायकोप्लाझ्मा (पेशींत लपणारे जिवाणू) तपासणी करा. मायकोप्लाझ्मा लागलेल्या पेशींवरचे औषधांचे आकडे टाकून द्यावे लागतात.

१०. सिस्प्लॅटिनचं द्रावण डीएमएसओमध्ये केलं तर काय बिघडतं?

औषधच बिघडतं. डीएमएसओ हे प्रयोगशाळेतलं नेहमीचं द्रावक प्लॅटिनमला चिकटून क्लोराइडची जागा घेतं आणि मारकशक्ती घटते. मग ‘रोधी’ वाटणाऱ्या पेशी रोधी नसतातच. ०.९ टक्के सलाइनमध्ये १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असं द्रावण करा, म्हणजे सुमारे ३.३ मिलिमोलर होतं. विरघळायला वेळ लागतो. ३७ अंशांवर अंधारात हलवत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलं की स्फटिक खाली बसतात आणि वरचं पाणी पातळ होतं, तेव्हा ताजंच वापरा. पॅक्लिटॅक्सेलला डीएमएसओ चालतं. डिशमधलं अंतिम प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत राहू द्या आणि कंट्रोललाही तेवढंच घाला.

याच जातीचा दुसरा सापळा एन-ॲसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंटचा. ते घातल्यावर पेशी वाचल्या की ‘सिस्प्लॅटिन ऑक्सिडेटिव्ह ताणाने मारतं’ असा निष्कर्ष काढतात. पण त्यातलं गंधक प्लॅटिनमला थेट बांधतं, पेशीत पोचण्याआधीच. गंधक नसलेला दुसरा अँटिऑक्सिडंट वापरून पडताळा घ्या.

११. रोधी सेल लाइन स्वतः कशी तयार करायची?

आधी मूळ पेशींचा आयसी५० काढा. मग दोन रस्ते आहेत. पहिल्यात औषध सतत ठेवून मात्रा हळूहळू चढवायची. यातून शेकडो पट रोध मिळतो, पण रुग्णांतल्या पेशींमध्ये तो साधारण काही पटींचाच असतो. दुसरा रस्ता टप्प्याटप्प्याचा आणि आम्ही तोच सुचवू: आयसी५० च्या आसपासची मात्रा काही तास ते तीन दिवस, मग औषध धुऊन काढायचं, डिश ७० ते ८० टक्के भरेपर्यंत पेशींना सावरू द्यायचं, पुन्हा तेच. रुग्णाला मिळणाऱ्या सहा फेऱ्यांसारख्या सहा फेऱ्या ही चांगली सुरुवात.

प्रत्येक फेरीनंतर थोड्या पेशी गोठवून ठेवा. मूळ लाइन औषधाविना, फक्त द्रावक घालून, शेजारी तितकेच पॅसेज (नव्या डिशमध्ये बदली) वाढवत न्या. ती नसेल तर दिसलेला फरक औषधाचा की नुसत्या काळाचा, हे सांगता येत नाही. शेवटी चार ते सहा आठवडे औषधाविना वाढवून पुन्हा मोजा. रोध ओसरला तर तो प्रश्न २ मधला तग धरण्याचा प्रकार होता. टिकला तर जनुकांत शोधा. फेऱ्यांच्या मध्येच एका पेशीपासून क्लोन काढला तर रोधाची एकच वाट हाती लागते, त्यामुळे मिश्र समूहही जपून ठेवा.

१२. आयसी५० दर वेळी वेगळा येतो. कुठे चुकतंय?

बहुतेकदा पेशींच्या संख्येत. ९६ खणांच्या प्लेटमध्ये एका खणात ३,००० ते ५,००० पेशी, २४ तास चिकटू द्यायच्या, मग ७२ तास औषध. कंट्रोलचे खण शेवटच्या दिवशी काठोकाठ भरले असतील तर वाढ आधीच थांबलेली असते आणि औषध कमजोर दिसतं. कडेच्या खणांतलं पाणी उडतं, म्हणून तिथे पेशी न टाकता पीबीएस हे खारं द्रावण भरा. एमटीटी (पेशींच्या चयापचयाने ज्याचे रंगीत स्फटिक होतात ते रसायन) अंतिम ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, तीन ते चार तास. माध्यम काढताना स्फटिक सोबत जाऊ देऊ नका. १०० मायक्रोलिटर डीएमएसओमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरवर वाचा.

एमटीटी पेशी मेल्या की नाही हे सांगत नाही, चयापचय किती चालू आहे ते सांगतं. रोधी पेशी हळू वाढत असतील तर त्या नुसत्या तेवढ्यानेच रोधी भासतात. म्हणून कॉलनी तपासणी हवीच: सहा खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी ५०० ते १,००० पेशी, १० ते १४ दिवस, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून ५० पेशींपेक्षा मोठ्या कॉलनी मोजा.

१३. दोन औषधं एकत्र दिल्यावर जास्त पेशी मेल्या. याला सिनर्जी म्हणायचं का?

एवढ्यावर नाही. एका औषधापेक्षा दोन औषधांनी जास्त पेशी मरणारच. दोन्हींच्या आयसी५० चं गुणोत्तर स्थिर ठेवून पाव, अर्धा, एक, दोन आणि चार पट अशा मात्रा एकेकट्या आणि एकत्र द्या, मग चाउ-तलाले पद्धतीने कॉम्बिनेशन इंडेक्स काढा. १ पेक्षा स्पष्टपणे कमी आला तर सिनर्जी (बेरजेपेक्षा जास्त परिणाम), १ च्या आसपास म्हणजे नुसती बेरीज, वर गेला तर औषधं एकमेकांच्या आड येत आहेत. जेमतेम ०.९ वर दावा करू नका. औषधांचा क्रमही नोंदवा. रुग्णांतही तो महत्त्वाचा ठरतो: सिस्प्लॅटिन आधी दिलं तर पॅक्लिटॅक्सेल शरीरातून हळू जातं आणि पांढऱ्या पेशी जास्त घसरतात, म्हणून पॅक्लिटॅक्सेल आधी देतात.

‘कर्क्युमिनने डिशमधला रोध मोडतो, मग ते रुग्णाला का देत नाही?’ हा प्रश्न इथेच घेतो. डिशमध्ये ते साधारण १० ते ५० मायक्रोमोलरला काम करतं. तोंडाने काही ग्रॅम घेतलं तरी रक्तातलं मुक्त कर्क्युमिन सहसा १ मायक्रोमोलरच्याही खाली राहतं. त्यातून ते पिवळं आहे, माध्यमात लवकर विघटित होतं आणि रंगावर चालणाऱ्या तपासण्यांत लुडबुड करतं. वनस्पतीतून आलं ही अडचण नाही. पॅक्लिटॅक्सेलही यू झाडाच्या सालीतून आलं. अडचण मात्रेची आहे. केमो चालू असताना अशा गोळ्या डॉक्टरांना न सांगता घेऊ नका.

१४. सहा महिन्यांच्या आत आजार परतला, तरी डॉक्टर प्लॅटिनम देत आहेत. हे चूक आहे का?

नेहमीच नाही. आधीच्या वेळी शस्त्रक्रिया अपुरी राहिली होती, डोस मध्येच थांबवावे लागले होते, किंवा अंतर जेमतेम सहा महिन्यांच्या आत होतं, अशा वेळी प्लॅटिनमला पुन्हा संधी देणं समजण्यासारखं आहे. उपचार चालू असतानाच गाठ वाढली असेल तर मात्र त्यात अर्थ नाही.

१५. प्लॅटिनम-रोधी आजारात आज खरोखर काय उपलब्ध आहे?

एकेकटी केमो: दर आठवड्याला चौरस मीटरमागे ८० मिलिग्रॅम पॅक्लिटॅक्सेल, लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन किंवा टोपोटेकन. गाठ लक्षणीय आकसण्याचं प्रमाण साधारण १० ते १५ टक्के. त्यात बेव्हॅसिझुमॅब हे गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध जोडलं तेव्हा ऑरेलिया चाचणीत आजार थोपून राहण्याचा मध्यक काळ ३.४ वरून ६.७ महिन्यांवर गेला. आतड्याला गाठीने वेढलं असेल किंवा आतडं अडकण्याचा इतिहास असेल तर ते टाळतात, कारण आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो.

मिर्व्हेटुक्सिमॅब सोराव्हटॅन्सिन हे प्रतिपिंडाला बांधलेलं औषध फोलेट रिसेप्टर अल्फा हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन भरपूर असलेल्या गाठींसाठी आहे: ७५ टक्के पेशींवर मध्यम किंवा ठळक रंग यायला हवा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिरासोल चाचणीत मध्यक आयुर्मान केमोने १२.७५ महिने, तर याने १६.४६ महिने मिळालं. डोळ्यांवर परिणाम होतो, म्हणून सुरू करण्याआधी नेत्रतपासणी आणि उपचारभर स्टेरॉइडचे व ओलावा देणारे थेंब ठरलेले असतात. हे थेंब चुकवू नका.

२०२५ च्या रोझेला चाचणीने वेगळीच वाट धरली. शरीरातलं कॉर्टिसॉल पेशींना केमोतून वाचवणारे संदेश चालू करतं. रेलाकोरिलंट हे औषध कॉर्टिसॉलचा रिसेप्टर, म्हणजे ते ज्याला चिकटतं ते प्रथिन, अडवतं. सोबत नॅब-पॅक्लिटॅक्सेल (अल्ब्युमिन प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल) दिलं, ज्याला आधी स्टेरॉइड द्यावं लागत नाही. मध्यक आयुर्मान ११.५ वरून सुमारे १६ महिन्यांवर गेलं. रोधाची एक वाट ओळखायची आणि नेमकी तीच अडवायची, हा विचार इथे पंपापेक्षा जास्त फळला.

१६. सीए-१२५ वाढतोय, स्कॅन साफ आहे. रोध आला का? लगेच केमो सुरू करावी का?

आकडा वाढणं म्हणजे आजार परतत असण्याची शक्यता. तो रोधी आहे की नाही हे त्यातून कळत नाही. नुसत्या वाढलेल्या आकड्यावर लगेच केमो सुरू केलेल्या रुग्णांचं आयुष्य लक्षणं येईपर्यंत थांबलेल्यांपेक्षा लांबलं नाही, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. केमोचा त्रास मात्र आधी सुरू झाला.

१७. कार्बोप्लॅटिनची ॲलर्जी आली. आता ते काम करणार नाही असं समजायचं का?

नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जी रोगप्रतिकार यंत्रणेची असते आणि बऱ्याचदा दुसऱ्या खेपेच्या उपचारात, एकूण आठव्या डोसच्या आसपास उद्भवते. तळहाताला खाज, चेहरा लाल होणं, धाप लागणं असं काही जाणवलं की लगेच परिचारिकेला सांगा. आजार संवेदी असेल तर अनुभवी केंद्रात अगदी थोड्या मात्रेपासून चढवत नेणारी डिसेन्सिटायझेशन पद्धत वापरून तेच औषध पुढे देता येतं.

१८. अहवालात लो-ग्रेड सिरस किंवा क्लिअर सेल लिहिलं आहे. वरचं सगळं लागू होतं का?

थोडंच. हे प्रकार पहिल्यापासूनच प्लॅटिनमला कमी दाद देतात, म्हणजे तिथे रोध मागाहून आलेला नसतो. लो-ग्रेड सिरसमध्ये पेशींची वाढ बहुधा केआरएएस-एमईके या वाढीच्या संदेशमार्गावर चालते. म्हणून तो मार्ग अडवणारं ट्रॅमेटिनिब वापरतात, आणि केआरएएसमध्ये बदल असलेल्या, उपचारानंतर परतलेल्या आजारासाठी २०२५ मध्ये अमेरिकेत अव्ह्युटोमेटिनिब आणि डिफॅक्टिनिब या जोडीला मान्यता मिळाली. क्लिअर सेल प्रकारात सुमारे निम्म्या गाठींत एआरआयडी१ए हे जनुक बिघडलेलं असतं. प्रश्न १ मधली सहा महिन्यांची मोजणी इथेही करतात, पण उपचार निवडताना गाठीच्या जनुकीय तपासणीला तिच्यापेक्षा जास्त वजन द्यावं, आणि ती झाली नसेल तर डॉक्टरांकडे विचारणा करावी.